डब्याच्या तोंडाला कुंकू

मला न दिसणाऱ्या गोष्टींची फार भीती. लहानपणी ती भुताखेतांची होती, आता उजेडाची आहे. उजेडाला भिणारी बाई म्हणून ऑफिसात माझी भरपूर टिंगल होते आणि भित्री भागूबाई हे नाव तर मला कायमचंच चिकटलंय. होऊ दे. केसाएवढ्या काचेच्या तारेतून जो उजेड धावतो, तो माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. तारेचं टोक समोर धरलं तरी काळोखच दिसतो. आणि काही दिसत नाही म्हटल्यावर माणूस काय करतो, तर ते टोक आणखी जवळ नेतो. माझी भीती तिथूनच सुरू होते.

मी आसनगावला राहते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांना इंटरनेट जोडून देणाऱ्या एका ठेकेदाराकडे काम करते. खड्डे खणणारे, केबल ओढणारे पुढे जातात आणि मी शेवटी पोचते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक डबा बसवलेला असतो. त्यात बोटाएवढा पत्र्याचा तुकडा सरकवायचा, त्याला आम्ही मॉड्यूल म्हणतो. मॉड्यूलच्या तोंडात केबलचं टोक बसवलं की आतला बारीक दिवा तारेत उजेड सोडतो आणि गावाला नेट मिळतं. सांगायला सोपं आहे. करताना मात्र शंभर पथ्यं. मनगटाला पट्टा बांधून त्याची तार जमिनीशी जोडायची, कारण अंगातली वीज मॉड्यूलला सोसत नाही. दोन्ही टोकांची मॉड्यूलं एकाच जातीची आहेत ना, हे वाचून घ्यायचं. मॉड्यूल कडेने धरायचं, टक् आवाज येईपर्यंत सरळ आत सारायचं, धक्का द्यायचा नाही. तोंडावरची रबराची टोपी शेवटच्या क्षणापर्यंत काढायची नाही, केबलचं टोक पुसूनच बसवायचं, आणि केबलचं वेटोळं कधी बांगडीपेक्षा लहान करायचं नाही. हे सगळं चुकलं तर यंत्राचं नुकसान. माणसाचं नुकसान करणारी चूक एकच. उघड्या तोंडाला डोळा लावायचा नाही.

कल्याणला आमचं ट्रेनिंग झालं तेव्हा शिकवणाऱ्या सरांनी हे फळ्यावर लिहिलं होतं. एकाने विचारलं, खरंच डोळा जातो का? सर म्हणाले, जवळच्या पल्ल्याच्या मॉड्यूलने सहसा काही होत नाही, लांब पल्ल्याच्या मॉड्यूलचा भरवसा मी देणार नाही. इजा होईलच असं नाही, पण होणार नाही असं समजून वागू नका. एकाने लगेच मोबाइलचा कॅमेरा पुढे केला, टीव्हीच्या रिमोटचा उजेड कॅमेऱ्यात दिसतो तसा हाही दिसेल म्हणून. सरांनी सांगितलं की प्रत्येक वेळी कॅमेऱ्यालाही तो दिसत नाही, मीटर लावा आणि मीटरचंच ऐका. चहाच्या सुट्टीत पोरं एकमेकांच्या डोळ्यांवर केबल रोखून हसत होती. मी चहा तसाच ठेवून दिला, कारण मला बाबा आठवले होते.

माझ्या बाबांना एकच डोळा आहे. मी शाळेत होते तेव्हा झोडणीच्या वेळी भाताचं कुसळ त्यांच्या डाव्या डोळ्यात गेलं. आधी घरीच धुणं, चोळणं, मग कुणी सांगितलेला पाल्याचा रस, आणि डॉक्टरकडे नेईपर्यंत डोळ्यात फूल पडलं. पांढरं, शिंपल्यासारखं. ते फूल बघतच मी मोठी झाले. उजव्या डोळ्यावर त्यांनी शेती केली, मला शिकवलं, आईचं दुखणं काढलं आणि आई गेल्यावर चूल पेटवायलाही शिकले. लोक म्हणायचे, बाबा एका डोळ्याने दोन डोळ्यांचं बघतात. मला ते ऐकवत नसे. एकच उरलंय, हे त्यात कुणी मोजतच नाही असं वाटायचं.

आणि बाबांची सवय ही अशी. कुठलीही पोकळ वस्तू हातात आली की ते तिच्यात जोराने फुंकर मारणार आणि लगेच उजव्या डोळ्याला लावून आभाळाकडे बघणार. फवारणीच्या पंपाचं नोझल तुंबलं की फू, आणि डोळा. सायकलच्या पंपाची नळी, मोटारीचा पाइप, आईची फुंकणी, माझ्या पेनाची रिफील, सगळ्याला तोच न्याय. आरपार उजेड दिसला की समाधानाने मान हलवणार. आमच्याकडचे सगळेच शेतकरी असं करतात. पाण्याचा थेंब अडला कुठे, हे बघायची त्यांची तीच रीत. फुंकर आणि डोळा यांच्यामध्ये बाबांचा श्वाससुद्धा पडत नाही, इतकं ते एकाला एक लागून असतं.

माझं माहेर टोकावड्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. बाबा तिथल्या ग्रामपंचायतीत शिपाई आहेत. त्या गावाचं काम माझ्या वाट्याला आलं तेव्हा सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं आणि मला मात्र बाबांची ती फुंकर आठवली. आधीचा डबा ग्रामसेवकांच्या कुलूपबंद कपाटात असायचा. नवा डबा भिंतीवर आला आणि त्याची चावी बाबांच्या करगोट्याला. अंतर जास्त म्हणून मॉड्यूल लांब पल्ल्याचं. मी बसवत होते तेव्हा बाबा दोन्ही हात पोटाशी जोडून उभे होते. ते देवळात उभे राहतात तसे. कुणी आलं की सांगत होते, पोरीने बसवलाय, आमच्या पोरीने.

मी त्यांना सगळं समजावलं. टोप्या काढायच्या नाहीत, केबल वाकवायची नाही, आणि तोंडाला डोळा लावायचा नाही. तिसरी गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की ते वैतागले. सांगतेस किती, समजलं, असं म्हणून त्यांनी जास्तीच्या टोप्या एका स्टीलच्या डबीत घालून टेबलाच्या खणात ठेवून दिल्या. पुढे मी जाईन तेव्हा ती डबी उघडून मला दाखवायचे, सगळ्या जागेवर हायेत. मला हायसं वाटायचं. पूजेचं काही सांगायचं असतं, हे तेव्हा कुणाला सुचणार?

दसऱ्याला मी सासरी होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आटगावच्या बाजूला एका पंचायतीत मॉड्यूल बदलायचं काम निघालं. मी मनगटाला पट्टा बांधून उभी होते, केबल काढून हातात घेतली होती, तेवढ्यात बाबांचा फोन आला. मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

नेट गेलाय गो, ते म्हणाले. आवाज अपराधी होता. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दसऱ्याला त्यांनी नेहमीप्रमाणे घरातली अवजारं धुतली. कोयता, विळे, फावडं, फवारणीचा पंप. मग ऑफिसची चावी घेऊन गेले आणि ऑफिसातलीही पूजा केली. झेंड्याची काठी, कपाट, संगणक, आणि शेवटी माझा डबा. नवा डबा, त्याचा पहिलाच दसरा, म्हणून त्याचं जरा जास्तच झालं. मोकळ्या तोंडांवरच्या रबराच्या टोप्यांवर धूळ बसली होती, त्या काढून साबणाने धुतल्या आणि खिडकीत वाळत टाकल्या. केबल ओढून खांद्यावरच्या पंचाने पुसली. प्रत्येक तोंडाला हळदकुंकवाचं बोट लावलं, वर अक्षता. मॉड्यूलच्या तोंडालाही लावलं. हात जोडले, केबल परत बसवली, झेंडूची माळ घातली आणि घरी आले. आज सकाळी ऑफिस उघडलं तर नेट नाही. दुपारी ग्रामसेवक येणार, त्याआधी त्यांना ते चालू करून ठेवायचं होतं.

मला हसू येत होतं आणि रागही येत होता. मी म्हटलं, कशालाच हात लावू नका, आधी डब्याचं बटण बंद करा. पण त्यांनी बहुतेक फोन सदऱ्याच्या खिशात टाकला होता. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्यांचंच स्वतःशी चाललेलं पुटपुटणं मला लांबून ऐकू येत होतं. तोंडात कुंकू गेला असल. काडतो. मग केबल काढल्याचा टक् आवाज आला. मी तो आवाज झोपेतही ओळखीन.

आणि मग स्पष्ट ऐकू आलं, फू.

"बाबा, डोळा लावू नका," मी ओरडले. "बाबा, ऐकता का?"

फोन कट झाला होता.

भीती वाटली, एवढं म्हणून भागणार नाही. फुंकरीनंतर काय येतं ते मला पाठ होतं, ते मी लहानपणापासून बघत आले होते. उजवा डोळा बारीक होताना, मान वर जाताना, सगळं मला दिसत होतं. परत फोन लावला तर संपर्क क्षेत्राबाहेर म्हणून ती रेकॉर्डमधली बाई शांतपणे सांगू लागली. आमच्या पंचायतीत रेंज खिडकीपाशीच धड मिळते, समोर डब्याच्या भिंतीपाशी गेलं की ती केव्हाही तुटते. चुलत्यांना फोन लावला, तो वाजून वाजून थांबला. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात तयार होतं, सगळं गाव कापणीला गेलेलं. ग्रामसेवकांचा फोन लागला नाही.

तेव्हा डोक्यात एक गोष्ट आली. बाबांच्या हातातल्या केबलमध्ये जो उजेड येत होता तो मुरबाडहून येत होता. मुरबाडच्या ऑफिसात माझा एक सहकारी बसतो, तो संगणकावरून हा उजेड बंद करू शकतो. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, तसा नाही करता येत, त्याच पोर्टवर, इथल्या त्याच एका तोंडावर, पुढची गावं आहेत, दवाखानाही आहे, साहेबांना विचारावं लागेल. तो चुकीचं बोलत नव्हता. मीही एरवी हेच बोलले असते.

"माझ्या बापाला एकच डोळा आहे," मी म्हटलं, "आणि तो त्याने आत्ता केबलला लावलाय."

मला कीबोर्डचा खडखडाट ऐकू आला. केला बंद, एवढंच म्हणाला. मग त्याने विचारलं, आणि डब्याचं काय? मला तेच नको होतं. केबलचा उजेड मुरबाडहून विझवता आला, पण डब्यातल्या मॉड्यूलचा स्वतःचा उजेड तिथूनच निघतो. संपर्क तुटल्यावर त्याला बाहेरून कुणी सांगू शकत नाही. बाबा केबलला डोळा लावतील की डब्याच्या तोंडाला, की आधी एकाला आणि मग दुसऱ्याला, ते त्यांच्यावर होतं. कुंकू तर डब्याच्या तोंडात होतं.

निघताना माझ्या हातांनी आपोआप केबलला टोपी घातली, मॉड्यूलला टोपी घातली, डब्याचं दार लावलं. डोकं ठिकाणावर नव्हतं, हातांना मात्र सवय होती. पट्टा मनगटावर तसाच राहिला, किन्हवलीच्या पुढे गेल्यावर माझं त्याच्याकडे लक्ष गेलं. त्याची तार वाऱ्यावर उडत होती.

शहापूरहून सरळगावला निघणाऱ्या त्या रस्त्याने मी कितीदा गेले असेन. त्या दिवशी तो संपतच नव्हता. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलेलं, बायका वाकून कापत होत्या आणि प्रत्येक शेतात मला कुसळं दिसत होती. स्कूटी चालवताना मी सारखा एक डोळा मिटून बघत होते. मग दोन्ही मिटले तर काय, असं मनात आलं आणि गाडी खडीवर गेली. पडले नाही. थांबून रस्त्याच्या कडेला उभी राहिले. मला मोठ्याने रडायचं होतं, पण शेतातल्या बायका बघत होत्या म्हणून मी परत गाडीला किक मारली. सरळगावच्या नाक्यावर पुन्हा फोन लावून बघितला. तीच बाई.

पंचायतीच्या पायरीवर बाबा बसले होते. उजव्या डोळ्यावर पंचा दाबलेला. माझ्या गाडीचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली, पण ती माझ्याकडे वळली नाही, जरा बाजूलाच वळली. गालावरून लाल ओघळ गळ्यापर्यंत आला होता. बोटंही लाल होती. मला ते रक्तच वाटलं. गाडी स्टँडला लावायचंही सुचलं नाही, ती आडवी झाली.

"काय दिसत नाय गो," बाबा म्हणाले.

आवाज अगदी साधा होता. पाऊस नाही पडत म्हणावं तसा. मी पंचा बाजूला केला. डोळा सुजलेला, उघडतच नव्हता, आणि पापण्यांच्या केसांत लाल चिखल साचला होता. तो वासावरून कळला. कुंकू होतं. त्यांनी डब्याच्या तोंडात जोरात फुंकर मारली होती आणि आतलं कुंकू उलटं येऊन डोळ्यात गेलं होतं. हल्ली बाजारात मिळतं ते भडक, आग लावणारं कुंकू.

मी आधी आत धावले, डब्याचं बटण बंद केलं आणि लोंबणाऱ्या केबलला टोपी घातली. मग माठातलं पाणी तांब्याने हळूहळू डोळ्यावर सोडत बसले. पाणी लाल, मग गुलाबी, मग स्वच्छ येऊ लागलं, तरी त्यांना डोळा उघडवेना. मी पुन्हा पुन्हा एकच विचारत होते. तुम्ही डोळा लावलात का? तोंडाला लावलात का? आधी कुंकू गेलं की आधी डोळा लावलात? ते म्हणाले, फुकला, वाकलो, आनि जळजळला. आधी काय अन मागून काय, ते कसा सांगू? काही दिसलं का, असं मी विचारलं आणि माझं मलाच कळलं की हा प्रश्न किती निरुपयोगी आहे. तो उजेड दिसतच नाही. त्यांना तो लागला असेल तरी त्यांना कळणार नव्हतं, आणि लागला नसेल तरी कळणार नव्हतं. मला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नाही.

त्यांना स्कूटीवर मागे बसवून मी मुरबाडला निघाले. डोळ्यांवर पंचा बांधलेला, एक हात माझ्या खांद्यावर. एरवी मागे बसले की रस्त्यावरचं सगळं बोलून दाखवायचे. कुणाचं भात आडवं झालंय, कुणाच्या दारात नवी गाडी आली. त्या दिवशी फक्त वळण आलं की खांद्यावरचा हात घट्ट व्हायचा, आणि वळण संपलं की सैल. एकदा त्यांनी विचारलं, सरळगाव आला का? धाब्यावरच्या तेलाचा वास आला होता त्यांना.

डोळ्यांच्या डॉक्टर बाई तरुण होत्या आणि भरभर बोलायच्या. मी त्यांना सगळं सांगितलं, मॉड्यूल, लांब पल्ला, न दिसणारा उजेड. त्यांनी मान हलवून ऐकून घेतलं. बधिर करणारे थेंब टाकून डोळा धुतला, पापणी उलटून कण काढले, आणि मग यंत्रातून डोळ्यात झगझगीत उजेड टाकला. मी खुर्चीवरून उठलेच. त्यांनी हाताने मला बसायची खूण केली. बुबुळावर ओरखडे आहेत, ते भरून येतील, असं त्या म्हणाल्या. पण डोळ्याच्या मागच्या पडद्याचं आज सांगता येणार नाही, सूज आहे, डोळा उघडा राहत नाही. मलम घालून पट्टी बांधते, उद्या सकाळी आणा, मग आत बघू.

म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत काहीच कळणार नव्हतं. डाव्या डोळ्यात फूल आणि उजव्यावर पट्टी, असे बाबा पूर्ण काळोखात, आणि मी पूर्ण उजेडात बसून घाबरलेली. मुरबाडच्या सहकाऱ्याला पोर्ट परत चालू करायला सांगितलं, आणि सासरी फोन करून सांगितलं की आज माहेरीच राहते.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत आली होती. मी त्यांना हाताला धरून ओट्यावर चढवलं आणि म्हटलं, इथेच बसा, मी चहा ठेवते. चूल पेटवून मागे वळून बघते तर बाबा ओट्यावर नाहीत. ते घरात आले होते. भिंतीला हात न लावता माजघरातून चालत गेले, उंबऱ्यावर पाय उचलला, भिंतीतल्या देवळीसमोर थांबले, काडेपेटी घेतली, दिव्याची वात बोटाने चाचपली आणि दिवा लावला. काडी विझवून बाजूच्या डब्यात टाकली. मग तसेच मागच्या दाराकडे गेले, कडी काढली, गायीच्या पुढ्यात पेंढा टाकून कडी लावून परत आले. मध्ये दोरी आडवी होती, ती ओलांडली. मी चुलीपाशी पातेलं धरून उभी होते. चहा उतू गेला.

मी विचारलं, हे कसं जमतं तुम्हाला?

"सराव हाय," ते म्हणाले. "रोज दिवा लावला की डोला मिटून फिरतो घरात. तुजी आई व्हती तवापासून."

म्हटलं, कशासाठी? त्यांनी पट्टीवर बोट टेकवलं. एकच हाय ना गो, हा पन गेला तर, म्हनून. आईला माहीत होतं. ती मुद्दाम वाटेत पाट ठेवून द्यायची, हळूच, आवाज न करता, आणि ते अडखळले की हसायची. हे सांगताना तेही हसले. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या एका डोळ्याची काळजी फक्त मलाच आहे. बाबा बेफिकीर, कशालाही फुंकर मारून डोळा लावणारे, आणि मी भित्री. आणि हे इथे रोज संध्याकाळी डोळा मिटून आंधळं व्हायला शिकत होते. एकटेच, मला एका शब्दानेही न सांगता.

मग राग आला. एवढं भ्यायचात तर डब्याला डोळा कशाला लावायला गेलात, असं मी विचारलं, जरा जोरातच. त्यांनी चहाचा कप चाचपून घेतला, एक घोट घेतला, आणि गायीला पाणी दाखवलंस का म्हणून विचारलं. भांडण नको म्हणून मी उठून गायीला पाणी दाखवलं. त्या रात्री मला झोप आली नाही, एवढंच त्या रात्रीबद्दल सांगते.

सकाळी डॉक्टर बाईंनी पट्टी काढली. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून थांबायला लावलं आणि मग दिवा विझवून, भिंग धरून त्या बराच वेळ आत बघत राहिल्या. वर बघा, खाली बघा, माझ्या कानाकडे बघा. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर आठी पडली की मी खुर्चीच्या कडेला सरकायचे. शेवटी दिवा लावून त्या म्हणाल्या, मागचा पडदा चांगला आहे. वयाप्रमाणे मोतीबिंदूची सुरुवात आहे, ते नंतर बघू. समोरच्या फळ्यावरची अक्षरं बाबांनी सावकाश वाचली, खालची ओळ त्यांना आली नाही, पण ती त्यांना आधीही येत नसेल. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून खाली बसले. कंपाउंडर मलाच पेशंट समजून पाणी घेऊन आला.

परत येताना बाबांनी ऑफिसात थांबायला लावलं. नेट अजून बंदच होतं आणि ते त्यांच्या जिवाला लागलं होतं. मी पट्टा बांधला, बटण बंदच आहे ना ते बघितलं, मॉड्यूलची कडी ओढून ते बाहेर काढलं. आत कुंकू आणि हळद बसली होती, एका मोकळ्या तोंडात तर तांदळाचा दाणा. तो मी चिमट्याने काढला. मोकळी तोंडं साफ करून त्यांना टोप्या लावल्या. नवं मॉड्यूल सारलं, केबल साफ केली, बसवली, मग डबा चालू करून मुरबाडला फोन केला. डब्यावरचा हिरवा दिवा लागला. तो दिसणारा दिवा आहे, त्याची मला भीती नाही.

एवढा वेळ बाबा कुठे होते ते बघायला मी वळले. ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून, हाताचा तळवा उजव्या डोळ्यावर घट्ट दाबून उभे होते. झालं का, त्यांनी तसंच विचारलं. झालं म्हटल्यावरही हात काढला नाही.

"काल तू विचारलास ना," ते भिंतीकडे बघतच बोलले. "मी समद्याला भितो गो. कुसळाला भितो, काट्याला भितो. पन ह्यो तू बसवलेला. तुज्या हातच्या वस्तूला काय भ्यायचा?"

मी त्यांच्याजवळ गेले, त्यांचा हात डोळ्यावरून खाली घेतला, आणि म्हटलं, माझ्या हातच्या वस्तूला भ्यायचं, बाबा. सगळ्यात जास्त तिलाच भ्यायचं. त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नव्हतं, हे त्या एका डोळ्यात मला स्वच्छ दिसत होतं.